केडगाव ते पुणे आणि परत, एका चार्जिंगमध्ये? इलेक्ट्रिक कारची रेंज कागदावर एक आणि रस्त्यावर दुसरी का?

केडगाव बायपासवरून पुण्याकडे निघताना डॅशबोर्डवर ३४० किमी रेंज दिसते. रस्ता मोकळा मिळाला की गाडी शंभरच्या वेगाने धावू लागते. पन्नासेक किमीवर शिरूर येते आणि आकडा २५० वर आलेला असतो. अंतर कापले पन्नास, रेंज घटली नव्वद. मधले चाळीस किमी गेले कुठे?

नवी इलेक्ट्रिक कार घेतलेल्याला असा धक्का पहिल्याच लांबच्या फेरीत बसतो. मग घरात चर्चा सुरू होते. गाडीत बिघाड आहे, बॅटरी खराब लागली, शोरूमवाल्याने फसवले वगैरे. बहुतेक वेळा यातले काहीच झालेले नसते. आदल्या आठवडाभर गाडी केडगाव ते माळीवाडा, माळीवाडा ते सावेडी अशी शहरात हळू फिरलेली असते. त्या सवयीवरून गाडीने पुढचा अंदाज बांधलेला असतो. महामार्गावर सवय बदलली, अंदाजही बदलला.

नगरकरांसाठी हा प्रश्न हौसेचा नाही. नोकरी, कॉलेज, विमानतळ, मोठे हॉस्पिटल अशा कितीतरी कामांसाठी पुणे गाठावे लागते. केडगावहून शिवाजीनगर साधारण ११५ ते १२० किमी. जाऊन-येऊन आणि पुण्यात थोडे फिरून २६० किमी होतात. डिस्चार्ज मिळालेला रुग्ण मागच्या सीटवर आहे, रात्रीचे दहा वाजलेत आणि गाडी म्हणते ‘१८ टक्के’, तर पुढे काय करायचे, हे घरून निघण्याआधीच माहीत असायला हवे.

४८९ किमीचा आकडा येतो कुठून?

जाहिरातीतली रेंज खोटी नसते. ती प्रयोगशाळेतली असते. वाहनांची प्रमाणित चाचणी घेण्याचा अधिकार कोणत्या संस्थांना आहे, हे केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२६ सांगतो. त्या यादीत पुण्याची एआरएआय आहे, तशीच आपल्या नगरच्या वाहननगरमधील डीआरडीओची व्हीआरडीई ही प्रयोगशाळाही आहे.

चाचणीत गाडी रोलरवर उभी असते. चाके फिरतात, गाडी जागची हलत नाही. एसी बंद असतो. वेग कधी किती ठेवायचा याचे वेळापत्रक सेकंदासेकंदाला ठरलेले असते. या वेळापत्रकाचे नाव ‘मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल’, म्हणजे आद्याक्षरांनी एमआयडीसी. सुप्याच्या किंवा नागापूरच्या एमआयडीसीशी त्याचा काही संबंध नाही!

या चक्राचे दोन भाग आहेत. पहिल्यात शहरातल्यासारखे थांबत-थांबत जायचे, कमाल वेग ५० किमी. दुसरा भाग मोकळ्या रस्त्याचा, त्यातही कमाल वेग ९० आणि तोही थोडाच वेळ. पूर्ण चक्र ११८० सेकंदांचे, त्यात अंतर साडेदहा किमीहून थोडे जास्त. म्हणजे सरासरी वेग ताशी ३२-३३ किमी. केडगावहून पुण्याला कोणी या वेगाने जात नाही. गेला तर त्याला चार तास लागतील, पण रेंज मात्र कागदावरच्या आकड्याच्या बरीच जवळ मिळेल.

कंपन्यांनाही हा फरक माहीत आहे. टाटा मोटर्सने सप्टेंबर २०२४ मध्ये ४५ किलोवॉट-अवर बॅटरीची नेक्सॉन ईव्ही आणली, तेव्हा प्रमाणित रेंज ४८९ किमी सांगितली आणि त्यासोबत ‘सी ७५’ नावाचा आणखी एक आकडा दिला, ३५० ते ३७० किमी. चारपैकी तीन ग्राहकांना प्रत्यक्ष रस्त्यावर एवढी रेंज मिळेल, असा त्याचा अर्थ. थोडक्यात, कंपनीच्याच हिशेबाने प्रमाणित आकड्यातून पाव हिस्सा वजा होतो. गंमत म्हणजे नेक्सॉन याच नगर-पुणे रस्त्यावरच्या रांजणगावच्या कारखान्यात तयार होते. गाडी घेऊन पुण्याला जाणारा तिच्या जन्मस्थानावरूनच पुढे जातो.

किमी मोजू नका, युनिट मोजा

बॅटरीची क्षमता किलोवॉट-अवरमध्ये लिहितात. एक किलोवॉट-अवर म्हणजे महावितरणच्या बिलावरचे एक युनिट. ४५ किलोवॉट-अवरची बॅटरी म्हणजे ४५ युनिटची टाकी, इतके सोपे आहे. पेट्रोलच्या गाडीत आपण ‘टाकीत किती लिटर आणि लिटरला किती किमी’ असा हिशेब करतो. इथे ‘किती युनिट शिल्लक आणि १०० किमीला किती युनिट’ असा करायचा.

गाडीच्या स्क्रीनवर सरासरी खप ‘वॉट-अवर प्रति किमी’ असा दिसतो. तो आकडा १४० असेल तर दहाने भागा, म्हणजे १०० किमीला १४ युनिट. डॅशबोर्डवरच्या मोठ्या अक्षरांतल्या रेंजपेक्षा हा छोटा आकडा जास्त खरा आहे. ४५ युनिटमधून १० टक्के राखीव सोडले तर हातात ४०.५ युनिट राहतात. १०० किमीला १४ ने भागले की २८९ किमी. खप १७.५ वर गेला तर तीच गाडी, तीच बॅटरी, पण २३१ किमी.

आता प्रश्न एवढाच उरतो की खप १४ वर ठेवायचा कसा.

सर्वात महाग गोष्ट कोणती?

वेग. एसी दुसऱ्या नंबरवर आहे आणि तोही बऱ्याच मागे.

धावणाऱ्या गाडीला मुख्यतः दोन गोष्टी मागे खेचतात. एक, टायर आणि रस्त्याचे घर्षण, जे वेगाबरोबर फारसे बदलत नाही. दोन, हवा. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग ८० वरून १०० केला की वेग वाढतो पाव पट, हवेचा अडथळा मात्र दीड पटीहून अधिक. ६० वरून १२० केला तर अडथळा चौपट.

चार माणसे बसलेली, सुमारे १,७०० किलो वजनाची मध्यम आकाराची एसयूव्ही धरून सपाट रस्त्याचे ढोबळ गणित मांडले, त्यात एसीचे तासाला एक युनिट मिळवले, तर १०० किमीचा खप असा येतो: ताशी ६० च्या वेगाला ११ युनिट, ८० ला १४, १०० ला साडेसतरा आणि १२० ला २२. गाडीगणिक हे आकडे थोडे इकडेतिकडे होतील. लहान गाडीचे कमी, उंच-रुंद गाडीचे जास्त. पण त्यांची चढण अशीच राहते. ८० आणि १२० मध्ये खर्चाचा फरक दीड पटीहून अधिक आहे.

पेट्रोलच्या गाडीलाही हेच भौतिकशास्त्र लागू होते. मात्र तिथे इंजिनमध्ये निम्म्याहून अधिक इंधन उष्णता होऊन वाया जात असते, त्यामुळे हवेचा वाटा नजरेत भरत नाही. शिवाय दर वीस किमीवर पंप असतो. इलेक्ट्रिक मोटर वाया फार कमी घालवते, म्हणून वेगाची प्रत्येक चूक थेट आकड्यात दिसते.

सुप्याच्या पवनचक्क्या काय सांगतात?

नगर-पुणे रस्त्याने जाणाऱ्यांना सुपा परिसरातल्या डोंगरांवरच्या पवनचक्क्या ओळखीच्या आहेत. वारा चांगला असतो म्हणूनच त्या तिथे उभ्या आहेत. इलेक्ट्रिक कारवाल्याने त्यांच्याकडे बघायची सवय लावून घ्यावी.

केडगावहून पुणे नैऋत्येला आहे. पावसाळ्यात मोसमी वारे पश्चिमेकडून आणि नैऋत्येकडूनच येतात. म्हणजे जून ते ऑगस्ट पुण्याला जाताना वारा बराचसा समोरून, परतताना पाठीमागून. गाडीला जाणवणारा हवेचा वेग हा गाडीचा वेग अधिक समोरचा वारा असा असतो. ताशी २० किमीचा वारा अगदी समोरून असेल, तर ८० च्या वेगाने जाणारी गाडी १०० च्या वेगाइतकीच वीज खाते. वेळ ८० चा, खर्च १०० चा. त्यात पाऊस असेल तर चाकांना रस्त्यावरचे पाणी बाजूला सारावे लागते, तोही थोडा भार.

म्हणूनच मे महिन्यात ‘आरामात जाऊन आलो’ सांगणारा तोच माणूस जुलैत शिक्रापूरला चार्जर शोधताना दिसू शकतो. दोन्ही वेळा गाडी ठीकच असते. परतीला वारा मदत करतो हे खरे, पण जाताना गेलेले सगळे परत मिळेल असे गृहीत धरू नये. वाऱ्याने दिशा बदलली तर हिशेब उलटतो.

पुणे आणि परत: हिशेब बसतो का?

४५ युनिटची गाडी, १०० टक्के चार्ज, वारा शांत. जाताना १२०, पुण्यात २०, येताना १२० किमी.

सगळा महामार्ग ८० ने गेले तर जाण्या-येण्याचे साधारण ३४ युनिट, पुण्यातल्या फिरण्याचे अडीच. एकूण साडेछत्तीस. घरी पोहोचताना १८-१९ टक्के शिल्लक. म्हणजे एका चार्जिंगमध्ये पुणे करून येता येते आणि छातीत धडधडही होत नाही.

दोन्ही वेळा १०० ने गेले तर महामार्गाचेच ४२ युनिट आणि शहराचे अडीच. एकूण साडेचव्वेचाळीस, बॅटरी ४५ ची. कागदावर केडगावच्या वेशीपर्यंत पोहोचता येते, प्रत्यक्षात कामरगावच्या अलीकडेच गाडी कासवाचे चित्र दाखवू लागेल. हा जुगार खेळू नये. वाटेत चार्ज करणे भागच आहे.

मधला मार्गही आहे. सकाळी डॉक्टरांची वेळ गाठायची म्हणून जाताना १०० आणि येताना ८० असे केले तर सुमारे ४० युनिट लागतात, दहाएक टक्के उरतात. जमते, पण वारा किंवा वळसा सोसण्याइतकी जागा राहत नाही.

वेळेचे काय? १२० किमीला ८० ने दीड तास, १०० ने एक तास बारा मिनिटे. एका फेरीत १८ मिनिटे, दोन्ही मिळून ३६ मिनिटे वाचतात. ही बचतही कागदावरचीच, कारण शिक्रापूर, कोरेगाव भीमा, लोणीकंद, वाघोली या पट्ट्यात वेग आपल्या हातात नसतो. उलट वाटेत दहा-बारा युनिट भरायला फास्ट चार्जरवर पंधरा-वीस मिनिटे, शिवाय महामार्ग सोडणे, ॲप उघडणे, आधी लागलेली गाडी निघण्याची वाट बघणे. वाचवलेला वेळ तिथेच जातो आणि सार्वजनिक चार्जिंगचा दर घरच्यापेक्षा महाग. घाई करून लवकर पोहोचता येत नाही, असा हा विचित्र व्यवहार आहे.

८० म्हणजे फार हळू असे वाटत असेल तर ८५ ठेवा. ९० च्या खाली राहिलेले बरे, एवढेच. आणि डाव्या बाजूच्या लेनमधून चालवा, मागून ट्रकचे हॉर्न नकोत. ट्रकच्या अगदी मागे चिकटून हवेचा अडथळा कमी करण्याची युक्ती काही जण सांगतात. फायदा होतो, पण ट्रकने ब्रेक मारला तर रेंजचा प्रश्नच उरत नाही. ते करू नये.

जुनी ‘३१२ किमी’ची गाडी घेताय?

हा भाग जुन्या बाजारातून इलेक्ट्रिक कार बघणाऱ्यांसाठी. जानेवारी २०२० मध्ये आलेली पहिली नेक्सॉन ईव्ही ३०.२ युनिटची होती आणि तिची प्रमाणित रेंज ३१२ किमी. अशा गाड्या आता सेकंडहँड बाजारात मिळतात. विकणारा अजूनही ‘तीनशेची रेंज’ म्हणतो आणि घेणारा मनात पुणे-परतचे २४० किमी ठेवून होकार देतो. फसगत इथे होते.

वापराने क्षमता समजा १० टक्के घटली असेल तर बॅटरी २७ युनिटची उरते. राखीव सोडून हातात २४. शंभर किमीला १४ ने सुमारे १७० किमी. केडगाव ते पुणे आरामात, पण परत यायला चार्जिंग लागणारच. पुण्यात नातेवाइकांकडे नीट अर्थिंग असलेला १५ अँपिअरचा सॉकेट असेल तर तासाला साधारण ३ युनिट भरतात. चार तास गाडी लावली की १२ युनिट, म्हणजे ८५ किमी. दिवसभराचे काम असेल तर हा सौदा जमतो. दोन तासांत परतायचे असेल तर फास्ट चार्जर शोधा. बारीक वायरचे एक्स्टेंशन बोर्ड मात्र यासाठी कधीच वापरू नका. कित्येक तास १५ अँपिअर वाहिल्यावर ते तापते, वितळते.

खरेदीआधी बॅटरीची तब्येत घरच्या घरी तपासता येते. गाडी १०० टक्के करा, ट्रिप मीटर शून्यावर आणा आणि बॅटरी २० टक्क्यांवर येईपर्यंत चालवा. समजा १५० किमी झाले आणि सरासरी खप १४० वॉट-अवर प्रति किमी दिसला. १५० गुणिले १४० म्हणजे २१,००० वॉट-अवर, २१ युनिट. हे ८० टक्क्यांचे, म्हणून पूर्ण बॅटरी सुमारे २६ युनिट. कागदावर ३०.२ होती. फरक समोर आला, आता किमतीवर बोला. विकणारा एवढी मोठी चाचणी करू देत नसेल तर सर्व्हिस सेंटरचा बॅटरी हेल्थ रिपोर्ट मागा. अनेक कंपन्यांची बॅटरीवर ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किमी वॉरंटी असते. ती दुसऱ्या मालकाला लागू होते का, कोणत्या अटींवर, हे कागद बघूनच ठरवा.

एसी बंद करून घामाघूम होण्याची गरज नाही

उन्हाळ्यात नगरचा पारा चाळिशी पार करतो. रेंज वाचवण्यासाठी अशा उन्हात एसी बंद ठेवणारे लोक आहेत. गणित बघा. गाडी एकदा थंड झाली की एसी तासाला साधारण एक युनिट घेतो. पुण्यापर्यंतच्या दोन-अडीच तासांत दोन-अडीच युनिट, म्हणजे पंधरा-अठरा किमी. वेग १०० वरून ९० केला तरी यातले बरेचसे वसूल होते. तापमान १८ वर न ठेवता २४-२५ वर ठेवले तर खर्च आणखी उतरतो. महामार्गावर काचा खाली घेऊन जाणे हा उपाय नव्हे. आत शिरणारा वारा गाडीला मागे खेचतो.

एसीचा खरा खर्च सुरुवातीच्या दहा मिनिटांत असतो. दुपारी उन्हात उभी केलेली गाडी आतून भट्टी झालेली असते आणि ती थंड करायला एसी दुप्पट-तिप्पट जोर लावतो. म्हणून सावलीत लावा. घरी असाल तर चार्जर जोडलेला असतानाच ॲपवरून एसी दहा मिनिटे आधी सुरू करा. त्या थंडाव्याची वीज भिंतीतून येते, बॅटरीतून नाही. बसण्याआधी दारे उघडून गरम हवा बाहेर जाऊ दिली तरी फरक पडतो, त्याला ॲपही लागत नाही.

वाहतूक कोंडीची भीती तर उलटीच आहे. वाघोलीत तासभर अडकलो तर बॅटरी संपेल, असे अनेकांना वाटते. उभ्या गाडीची मोटर काहीच खात नाही. खातो तो फक्त एसी, तासाला एक, फार तर दीड युनिट. म्हणजे दहा किमीची रेंज. रात्रभर कोंडीत अडकले तरी चार माणसे थंड हवेत झोपू शकतील.

हिवाळ्यात नगरच्या थंडीने फारसे बिघडत नाही. नॉर्वेसारख्या देशात शून्याखालच्या तापमानात बॅटरी सुस्तावते आणि हीटरही चालवावा लागतो, त्यामुळे तिथे रेंज ठळकपणे घटते. परदेशी व्हिडिओ बघून तशी भीती इथे बाळगू नये.

घाटात गेलेले उतारावर परत मिळते?

काही प्रमाणात. १,७०० किलोची गाडी १०० मीटर उंच चढवायला सुमारे अर्धे युनिट जास्तीचे लागते. चास-कामरगावचा घाट छोटा, तिथे काही टक्क्यांवर भागते. मुंबईहून परतताना खोपोली ते लोणावळा अशी साडेपाचशे मीटरची चढण मात्र जवळपास तीन युनिट घेते. म्हणजे नेहमीच्या अंतराशिवाय आणखी वीसेक किमीचा खर्च. एक्स्प्रेस वेवर घाटाआधी टक्केवारी बघून घ्यावी ती यासाठी.

उतारावर मोटर जनरेटर बनते आणि वीज बॅटरीत परत पाठवते. याला रीजन म्हणतात. चढताना खर्च झालेल्यापैकी साधारण साठ-सत्तर टक्के हाती येतात, बाकी वाटेत झिजतात. त्यामुळे शहरात ब्रेक मारून रीजनने वीज कमावणे यापेक्षा ब्रेक मारायची वेळच न येऊ देणे जास्त फायद्याचे. पुढचा सिग्नल लाल दिसला की दुरूनच पाय सोडा, गाडीला तिच्या गतीने जाऊ द्या. झटक्याने वेग घ्यायचा आणि रीजनने कमावायचे, या व्यवहारात दर फेरीला तोटा आहे.

बॅटरी अगदी १०० टक्के भरलेली असेल तर रीजनची वीज ठेवायला जागा नसते आणि गाडी ते बंद किंवा कमी करते. पाय सोडल्यावर नेहमीसारखी गाडी हळू झाली नाही तर घाबरू नये, पण हे माहीत असावे. भर डोंगरमाथ्यावर मुक्काम असेल तर सकाळी ९० टक्क्यांवरच निघावे.

उताराचा फायदा किती मोठा असू शकतो याचे उदाहरण २०२५ चे. लुसिड एअर या गाडीने एका चार्जवर १,२०५ किमी जाऊन विक्रम केला. मार्ग होता स्वित्झर्लंडमधले सेंट मॉरिट्झ ते जर्मनीतले म्युनिक. सेंट मॉरिट्झ समुद्रसपाटीपासून १,८०० मीटरच्या आसपास, म्युनिक ५२० च्या. विक्रम खरा, पण रस्ता निवडतानाच अर्धे काम झाले होते. आपल्याकडे नगर साधारण ६५० मीटरवर आणि पुणे ५६० च्या आसपास. जाताना किंचित फायदा, येताना तेवढाच तोटा, जेमतेम अर्धे युनिट.

टायर आणि टपावरचे सामान

टायरमध्ये हवा कमी असेल तर घर्षण वाढते आणि रेंज गुपचूप कमी होते. दाराच्या चौकटीवर लिहिलेला आकडा ठेवा, टायर थंड असताना तपासा, पंधरवड्यातून एकदा. टपावरचे कॅरिअर लग्नसराईनंतर काढून ठेवा, रिकामे असले तरी ते हवा अडवते. टायर बदलताना स्वस्तातले रुंद टायर टाकून नंतर बॅटरीला दोष देणारेही आहेत.

समृद्धीवर टोल माफ, पण वेगाचा टोल?

राज्याच्या २०२५ च्या इलेक्ट्रिक वाहन धोरणानुसार ऑगस्ट २०२५ पासून अटल सेतू, मुंबई-पुणे एक्स्प्रेस वे आणि समृद्धी महामार्गावर इलेक्ट्रिक कारना टोलमाफी मिळू लागली. ७०१ किमीचा समृद्धी आपल्याच जिल्ह्यातल्या कोपरगाव तालुक्यातून जातो आणि नगरकरांना शिर्डीजवळून त्यावर चढता येते. शिर्डी ते नागपूर ५२० किमी.

या मार्गावर कारची वेगमर्यादा १२०. त्या वेगाने ४५ युनिटच्या गाडीची राखीव सोडून रेंज १८४ किमीच्या आसपास येते, ८० ने २८९. टोल वाचला म्हणून खुशीत १२० ने निघालेला माणूस चार्जरच्या रांगेत जास्त वेळ बसतो. समृद्धीवर चार्जरमधले अंतर बघून वेग ठरवा, वेग बघून चार्जर शोधू नका. लांबच्या प्रवासात ८० टक्क्यांपुढे फास्ट चार्जरवर वाट बघणेही महाग पडते, कारण शेवटचे वीस टक्के अगदी सावकाश भरतात. तेवढ्या वेळात पुढच्या चार्जरच्या दिशेने बरेच अंतर कापून होते.

रेंज सुरू होते ती घरच्या सॉकेटपासून

साध्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर तासाला ३ युनिट. २० टक्के बॅटरी असताना रात्री आठला गाडी लावली आणि सकाळी सहाला निघायचे असेल तर ३० युनिट भरतील, ४५ च्या गाडीत ८५-८७ टक्के. मध्ये दोन तास वीज गेली तर ७३. पुणे-परतचा सगळा हिशेब १०० टक्क्यांवर केला होता, हे लक्षात घ्या. दुसऱ्या दिवशी पुणे असेल तर गाडी दुपारीच लावावी लागते. ७.२ किलोवॉटचा वॉल चार्जर बसवला तर निम्म्याहून कमी वेळ लागतो, पण त्यासाठी मीटरचा मंजूर भार पुरेसा आहे का हे महावितरणकडे तपासून घ्या. चार्जिंग करताना काही वीज उष्णतेत जाते. गाडीत ४० युनिट शिरले तर मीटरवर ४४-४६ दिसणे स्वाभाविक आहे.

रोजच्या तीस-चाळीस किमीसाठी १०० टक्के करायची गरज नाही. भरलेली बॅटरी दिवसेंदिवस उन्हात उभी ठेवणे तिला सोसत नाही. मात्र एलएफपी प्रकारच्या बॅटरीत टक्केवारीचा अंदाज चुकू नये म्हणून अधूनमधून पूर्ण चार्ज करायला कंपन्याच सांगतात. आपल्या गाडीत कोणती बॅटरी आहे आणि तिचा नियम काय, हे मॅन्युअलमध्ये दिलेले असते.

परतीच्या वाटेवर कुठे काय बघायचे?

शिरूरला थांबून एकदा हिशेब करा. तिथून केडगाव पन्नासेक किमी, म्हणजे ८० च्या वेगाने ७ युनिट. ४५ च्या गाडीत ते १६ टक्के, २७ युनिट उरलेल्या जुन्या गाडीत २६. शिरूरला नव्या गाडीत ३० आणि जुन्या गाडीत ४० टक्के असतील तर चहा पिऊन निवांत निघा. नव्या गाडीत १८ टक्केच असतील तर वेग ६० वर आणा. खप ११ वर येतो, साडेपाच युनिटमध्ये काम होते आणि घरी पोहोचताना पाचेक टक्के उरतात. पण समोरून वारा असेल, पाऊस लागला असेल किंवा गाडीत आजारी माणूस असेल तर हे धाडस नको. शिरूरमध्येच चार्जर बघून दहा मिनिटे जोडा. सुपा ओलांडल्यावर कामरगावच्या उताराला पाय सोडा, टक्का पडायचा थांबेल.